पोळपाटावर कांदा

दुपारी साडेचारच्या सुमाराला इमारतीच्या डक्टमधून एक आवाज हमखास येतो: खट्-खड, खट्-खड. खट् सुरीचा. मागोमागचा खड भाजी चिरायच्या बोर्डाचा, एक कोपरा अधांतरी राहिल्याचा.

विळीला असला आवाज नाही. पाट पायाने दाबला की पातं जागचं हलत नाही. भाजीच पात्यावर चालत जाते आणि चिरलेलं थेट ताटात. खाली काय ठेवून चिरायचं, हा प्रश्नच नव्हता. जमिनीवरून उठून आपण ओट्यापाशी उभे राहिलो, हाती सुरी आली, तेव्हा तो निघाला. समोर पोळपाट होता, म्हणून पोळपाट घेतला.

ही चूक अजून चालू आहे. सुरीच्या रेघांत कणीक अडकते, पोळी चिकटते, आणि लसणीचा वास नेमका गुळाच्या पोळीला लागतो. शिवाय पोळपाट तीन पायांचा. डुगडुगत नाही खरा, पण दोन पायांमधल्या काठावर जोर आला की कलंडतो. पोळपाट पोळीचा. बस.

बोर्ड घेताना दुकानातच सपाट टेबलावर ठेवावा आणि समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबावेत. हलला तर परत ठेवावा. घरी नेऊन तो सुधारत नाही. शेगडी आणि सिंक यांच्यामधली जागा आधी मोजून न्यावी. साधारण ३८ बाय २८ सेंटिमीटरवर कोबीचा अर्धा गड्डा ऐसपैस मावतो. सागवानी असेल आणि जाडी अडीच सेंटिमीटर, तर वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं; तेवढ्या वजनाने बोर्ड सरकायचा थांबतो. हलका असेल तर खाली ओलं, घट्ट पिळलेलं फडकं घालावं. रबरी पाय असले की बोर्डाची एकच बाजू वापरात येते. रस अडवणारी कडेची खाच कलिंगडाला छान, पण चिरलेला कांदा कढईत लोटताना निम्मा तिथेच अडकतो.

काचेचा बोर्ड दिसतो सुंदर, धुतला जातो क्षणात, आणि सुरीची धार घालवतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरणाऱ्यांनाही हेच लागू. सुरीपेक्षा बोर्ड मऊ हवा, म्हणजे घाव बोर्डाने सोसायचा. बांबू हे खरं तर गवत. त्यात वाळूतली सिलिका असते आणि पट्ट्या जोडायला डिंकही बराच लागतो, म्हणून तोही धारेला जरा कडकच. सर्वांत प्रेमळ म्हणजे खोडाची आडवी कापलेली बाजू वर ठेवून ठोकळे जोडलेला. त्यात सुरी तंतूंच्या मधे शिरते आणि तंतू पुन्हा मिटतात. महाग आणि जड असतो. पाणीही जास्त पितो.

प्लॅस्टिकचा स्वच्छ, असं सगळे म्हणतात. नवा असेपर्यंत खरं. अन्नातल्या जिवाणूंचे अभ्यासक डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडावर टाकलेले जिवाणू आत शोषले जाऊन बहुतांशी परत हाती लागले नाहीत. सुरीच्या चरे पडलेल्या प्लॅस्टिकवरचे मात्र हाताने घासून नीट निघेनात. म्हणून लाकडावर कोंबडी कापून नुसतं पुसावं, असं नव्हे. मासळी-मटणाला वेगळा बोर्ड ठेवावा. तो प्लॅस्टिकचा असला तर उकळतं पाणी ओतता येतं, आणि चरे नखाला लागू लागले की टाकूनही देता येतो.

लाकडाला पाण्यात बुडवून ठेवणं सोसत नाही. एकच बाजू भिजली तर ती फुगते, बोर्ड बाक धरतो, आणि तो खड सुरू होतो. दोन्ही बाजू धुवाव्यात, पुसाव्यात, उभा करून वाळवावा. महिन्यातून एकदा तेल, पण शेंगदाण्याचं नको. ते खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चोळावं, पोट साफ व्हायला देतात तेच. रात्रभर मुरू द्यावं, सकाळी पुसावं. कांद्याच्या वासाला जाडं मीठ आणि अर्धं लिंबू. ओल्या हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो आणि माणूस घाबरून अजून घासतो. घासू नये. उन्हात ठेवावा, उडतो.

कोथिंबीर चिरून झाल्यावर बोर्ड हिरवागार झाला, तर मात्र तो दोष बोर्डाचा नाही. सुरी बोथट आहे. ती कोथिंबीर चिरत नाही, चेचते. आमटीत जायचा रस लाकडाने प्यायलेला असतो. विळीवर जुडी मुठीत धरून सरसर ओढली की हा प्रकार होत नाही. फणसाला तर पात्याला तेल लावून विळीच घ्यावी लागते.

मग विळी पुन्हा काढावी का? काढावी की. गुडघे ऐकत असतील तर.