पैसेवारी अपडेट: बैलजोडी सुटली, आणि दोन फ्री थ्रोनं परत अडकली

तर मंडळी, राजा एकदाचा फाउल आउट झाला. आपल्याच बास्केटबॉल टीमचा मेन पोस्टवाला (बास्केटजवळ खेळणारा) पाचव्या फाउलवर बाहेर येऊन बसायलाय आणि स्टँडमधे मी एकटा माणूस टाळ्या वाजवायलोय, पोरांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढच्या मॅचला बहुतेक पाणी पण विचारणार नाहीत. मॅच हरलो, नांदेडच्या पोरांनी सात पॉइंटनं मारलं. पण पैसेवारीसाठी (पोरगा आत असताना टीम किती पुढं-मागं जाते यावरनं मी त्याला पैशात जो आकडा देतो ती) या सीझनमधे याच्यापेक्षा मोठी गोष्ट घडली नव्हती, आणि तिसऱ्याच दिवशी तिची माती पण झाली. त्याचंच हे सगळं रडगाणं.

बैलजोडीचा घोळ तुम्हाला माहितीच आहे. सर्जा आणि राजा (खरी नावं नाही लिहीत, पोरं वाचतात). सर्जा पॉइंट गार्ड (बॉल घेऊन खेळ चालवणारा), राजा पोस्टला, सर दोघांना सोबतच उतरवतात आणि सोबतच काढतात कारण त्यांचं पिक अँड रोल (राजानं डिफेन्डरला आडवं उभं राहून स्क्रीन लावायची आणि मग बास्केटकडं वळायचं) डोळे झाकून चालतं. चांगलंय, पण पैसेवारी काढणाऱ्या माझ्या मॉडेलला काय कळणार? दोघं आत असले की आपण शंभर पझेशनमागं (बॉल आपल्या हातात आल्यापासून जाईपर्यंत एक पझेशन) १२ पॉइंटनं पुढं, दोघं बाहेर गेले की ९ नं मागं. हा २१ चा फरक कुणाच्या नावावर चढवायचा? गाडी पळाली एवढं चाकोरी बघून कळतं हो, जू कुणाच्या खांद्यावर जास्त होतं ते कसं कळायचं.

पहिल्या नऊ मॅचमधे दोघं एक मिनिट सुद्धा वेगळे नव्हते. तेव्हा मी एक्सेलच्या लाइनेस्टवर (प्रत्येक पोराला एक कॉलम देऊन त्याचा वाटा काढणारं फंक्शन) होतो, आणि त्यानं काय केलं तर राजाला सरळ शून्य देऊन सगळं सर्जाच्या नावावर लावलं. मी आठ दिवस राजाला फुकट समजत होतो! नंतर कळालं की दोन कॉलम हुबेहूब सारखे असले की एक्सेल त्यातला एक गुपचूप काढून टाकतं आणि तिथं शून्य लिहून मोकळं होतं, एरर बिरर काही नाही. थोरल्यानं धाकट्याचं नाव सातबाऱ्यावरनं उडवावं तसं. दहाव्या मॅचला राजाच्या बुटाचा सोल निघाला म्हणून तीन मिनिटं दोघं वेगळे खेळले, तर आता उत्तर आलं सर्जा अधिक ५८ आणि राजा उणे ३७. बेरीज बघा, परत २१ च. तीन मिनिटाच्या जिवावर एकाला जॉर्डन केलं आणि दुसऱ्याला दरीत लोटलं.

म्हणून मग रिजवर आलो. हे दुखणं काही आपलं एकट्याचं नाही, डॅन रोझेनबॉमनं २००४ मधे ॲडजस्टेड प्लस-मायनस (खेळाडू आत असतानाचा पॉइंटचा फरक, बाकीच्यांचा वाटा बाजूला काढून) काढलं तेव्हा त्याच्याकडं पण असेच वेडेवाकडे आकडे यायचे, आणि २०१० मधे जो सिलनं स्लोनच्या (खेळातल्या आकडेवारीच्या) कॉन्फरन्समधे रिज लावून दाखवलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली, तेच आपलं आरएपीएम, रेग्युलराइज्ड ॲडजस्टेड प्लस-मायनस. रिज म्हणजे पंचाची वाटणी आहे, दोन कॉलम सारखे असले की निम्मं तुला निम्मं त्याला, आणि ज्याच्याबद्दल पुरावा कमी त्याला शून्याकडं ओढायचं. मला आलं सर्जा ४.१, राजा ४.०. भांडण मिटलं पण उत्तर नाही मिळालं. आणि एनबीएवाल्यांकडं एका सीझनला १२३० मॅच असतात, माझ्याकडं चौदा आहेत, त्यातल्या एकीत अर्धा व्हिडिओ कडुलिंबाच्या फांदीचाच आहे.

सरांना मी दोनदा म्हणलं की सर, दुसऱ्या क्वार्टरला फक्त सर्जाला बसवा, चार मिनिटं बस. सर म्हणाले मॅच जिंकायची का तुझं गणित सोडवायचं. बरोबरच आहे त्यांचं, पण त्या दिवशी मला लई राग आला होता.

म्हणून त्या टाळ्या. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाला राजा गेला आणि सर्जा पुढं अकरा मिनिटं त्याच्याशिवाय खेळला. अकरा मिनिटं! वीसेक पझेशन! त्यात आपण उणे ५. रात्री घरी येऊन जेवण झाकून ठेवलं, तुकडे (एका बदलीपासून पुढच्या बदलीपर्यंतचा खेळ, आत तेच दहा जण) भरले, चालवलं, आणि निकाल: राजा ६.८, सर्जा २.९. माझ्या पैसेवारीवर (५० पैसे म्हणजे सरासरी, जॉन हॉलिंजरनं त्याच्या पीईआर या रेटिंगमधे १५ धरलंय तसं) राजा थेट ८४ पैसे.

मला किती बरं वाटलं काय सांगू. गावात चहाच्या टपरीपासून सगळे सर्जा सर्जा करतात कारण पॉइंट तो मारतो. आणि मी सीझनच्या सुरुवातीपासून सांगायलोय की राजाची स्क्रीन बघा, बॉक्स आउट बघा, रिबाउंड दुसराच घेतो पण जागा याची असते. गेम स्कोअरमधे (बॉक्स स्कोअरच्या, म्हणजे मॅचच्या नोंदवहीच्या आकड्यांवरनं निघणारी बेरीज) याला काय मिळतं? डिफेन्सिव्ह रिबाउंडला ०.३, फाउल केला की ०.४ कापले, स्क्रीनला शून्य. पीईआरचं तर बोलूच नका, शॉट मारत राहणाऱ्याचं तिथं भलं होतं, नुसत्या डिफेन्सवाल्याला त्यात जागाच नाही. ह्यूस्टनमधला शेन बॅटियर आठवा, बॉक्स स्कोअरमधे शोधून सापडायचा नाही पण तो आत असला की टीम सुधरायची. आमचा राजा म्हणजे परभणीचा बॅटियर, असं मी टपरीवर जाहीर पण करून टाकलं. (प्लस-मायनसवर पैसे लावणाऱ्या पहिल्या टीमपैकी एक डॅलस, विन्स्टन आणि सॅगरिन ही दोन डोकी त्यांनी कामाला लावली होती, आणि डॅलसचा तेव्हाचा हुकमी एक्का डर्क नोवित्स्की, जर्मनीचा. जगात जर्मनी भारतात परभणी, उगीच नाही म्हणत.)

दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी सहज, फक्त मजा म्हणून, राजाचा पाचवा फाउल परत बघायला घेतला.

आता नीट बघा काय होतं ते. राजा फाउल करतो. शिट्टी. पाचवा. टेबलवरनं खूण होते, तो बाहेर येतो, बदली पोरगा आत जातो. मग, यानंतर, नांदेडचा पोरगा फ्री थ्रो मारतो. दोन्ही आत. माझ्या शीटमधे तुकडा बदलतो बदलीच्या वेळेला. म्हणजे राजाच्या फाउलनं दिलेले दोन पॉइंट राजाच्या नावावर न लागता त्या बिचाऱ्या बदली पोराच्या आणि सर्जाच्या तुकड्यात पडले! राजा गेल्यावर आपण उणे ५ झालो म्हणून राजा भारी, आणि त्या ५ मधले २ स्वतः राजानंच देऊन गेलेले. कपाळावर हात मारला. वीस पझेशनचा तुकडा आहे, दोन पॉइंट म्हणजे शंभरी हिशेबानं १० चा फरक.

नियम साधा आहे, फ्री थ्रोचे पॉइंट फाउलच्या वेळी जे पाच-पाच आत होते त्यांच्या खात्यावर लावायचे, फ्री थ्रोच्या वेळच्या नाही. हे मला माहिती होतं. वाचलं पण होतं. पण शीट बनवताना डोक्यातच नाही आलं, आणि आकडा मला पाहिजे तेच बोलायला लागल्यावर मी कशाला तपासतोय.

मग पाच रात्री सगळ्या चौदा मॅच परत. फाउल आणि फ्री थ्रोच्या मधे बदली झालेली ठिकाणं शोधत बसलो, ३८ सापडली. सर लोकांना बदलीसाठी हीच वेळ आवडते ना, घड्याळ बंद असतं, पोरांना समजावून सांगता येतं. सगळी दुरुस्त केली आणि परत चालवलं: राजा ४.९, सर्जा ४.४. आलो की नाही फिरून पंचाच्या वाटणीजवळ. टपरीवर अजून सांगितलेलं नाही.

यात अजून एक खुसपट. तो नांदेडचा पोरगा त्या दिवशीचे बाकीचे चारही फ्री थ्रो चुकला होता. हे दोन नेमके गेले. समोरचा फ्री थ्रो मारायलाय त्यात आपल्या पोरांचा काय हात, मग प्रत्यक्ष पॉइंटच्या जागी त्याची सरासरी का नाही टाकायची? करायलोय. समोरच्याच्या थ्रीचं (तीन पॉइंटच्या लांबच्या शॉटचं) पण थोडंफार तसंच करावं असं काही जण म्हणतात, पण थ्रीवर हात वर जातो, क्लोज आउट (शॉटवाल्याच्या अंगावर धावत जाणं) असतो, तिथं मला धीर होत नाही.

लॅम्बडा, म्हणजे रिजमधे शून्याकडं किती जोरानं ओढायचं तो आकडा, कसा ठरवतो असं विचारलं होतं दोघांनी. मी एक मॅच बाजूला ठेवून बाकीच्या तेरांवर शिकवतो आणि बाजूच्या मॅचवर तपासतो, असं चौदा वेळा. तर होतंय काय की यादीत सगळ्यात मोठा जो लॅम्बडा देईन तोच ते निवडतं. शंभर दिला शंभर, हजार दिला हजार. म्हणजे त्याचं म्हणणं असं की बाबा, तुझ्या डेट्यात काही नाही, सगळे पोरं सारखेच समज आणि झोप. शेवटी मी हातानं एक ठरवून टाकला. शास्त्रात बसत नाही, माहितीय. गावाच्या पैसेवारीचं तरी काय होतं, आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि मधल्या काळात ५० च्या खाली की वर यावरनं सगळा तालुका पेटलेला. माझी अजून नजर अंदाजच्या पायरीवर आहे असं समजा.

सामानाचं थोडक्यात. ऑनलाईन मागवलेला ट्रायपॉड फालतू निघाला, वारं आलं की मान टाकतो, ब्रँडचं नाव नाही घेत. आता फोन सुतळीनं जाळीला बांधतो, एकदम फिट, आणि खर्च शून्य. उन्हात फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं त्याला ओला रुमाल हाच उपाय, पण फोनला नाही, फोनच्या वरच्या पत्र्याला. एक्सेल सोडून कोलॅबवर (गूगलवर पायथन चालवायची जागा) गेलोय, पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीचं रिज दोन ओळीत चालतं. तुकडे भरायला मात्र अजून शीटच, त्याला तोड नाही. पझेशन पण आता हातानं मोजतो, ०.४४ वाला अंदाज (फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ नं गुणून पझेशन धरायचे) एनबीएच्या फ्री थ्रोवरनं आलेला आहे, आपल्याकडं किती लागू पडतो कुणाला माहिती.

पुढचा प्लॅन असा होता की शून्याकडं ओढण्याऐवजी गेम स्कोअरकडं ओढायचं, म्हणजे पुरावा नसेल तिथं बॉक्स स्कोअरचं ऐकायचं, मोठ्या लोकांच्या बऱ्याच आकड्यांमधे आता असंच काहीतरी असतं. पण आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं की यानं बैलजोडी सुटेल ती सर्जाच्या बाजूनं सुटेल! कारण गेम स्कोअर पॉइंटवाल्याचाच. म्हणजे ज्या गोष्टीवरनं मी टपरीवर भांडतो तीच मॉडेलमधे मीच घालायची. नको. थांबवलं.

आणि थांबा, हे आधी का नाही सुचलं. प्रॅक्टिस! दर रविवारी सर पाच-पाचच्या दोन टीम करून खेळवतात, आणि सर्जा-राजा एका बाजूला असले की मजा येत नाही म्हणून सर त्यांना नेहमी वेगवेगळ्या टीममधे टाकतात. म्हणजे एकाला अधिक १, दुसऱ्याला उणे १, एकाच तुकड्यात! बूट फाटायची नाहीतर फाउल आउटची वाट बघत बसलोय आणि इकडं दर रविवारी दीड तास दोघं समोरासमोर खेळायलेत, आणि मी तिथं बाकावर शेंगा खात बसलेलो असतो. दर वेळी बारकी पोरं आत-बाहेर होतात, टीम बदलतात, आपले सगळेच वेगवेगळ्या जोड्यांत मिळतील. प्रॅक्टिसला पोरं अर्ध्या जोरानं खेळतात हा प्रश्न आहेच, राजा तर रविवारी स्क्रीन लावतच नाही, सांध्याला जपतो. मग प्रॅक्टिसच्या पझेशनला वजन कमी द्यायचं, निम्मं धरू, पुढं बघू.

हे सुचल्यावर लिहिणं सोडून सरांना फोन केला. व्हिडिओ काढू का रविवारचा म्हणलं. सर हो म्हणाले, लगेच, मलाच पटेना. पण अट अशी की शिट्टी मी वाजवायची, कारण रविवारी रेफरी कुणी येत नाही आणि पोरं फाउलवरनं भांडतात. आता शिट्टी वाजवत पळायचं आणि बदल्यांच्या वेळा पण लिहायच्या हे एका माणसाचं काम नाही. शेजारच्या आठवीतल्या पोराला वही-पेन देऊन बसवतोय, दोन कुल्फ्यांवर ठरलंय. त्याला विचारलं बाबा, सर्जा कोण राजा कोण ओळखतोस ना. तो म्हणे काका, दोघं कायम सोबतच असतात, मला दोघं सारखेच दिसतात.