वाचनवही: पाच झाली, सात बाकी

मंडळी, दिवाळीपर्यंत भारतीय इंग्रजीतल्या बारा कादंबऱ्या वाचायच्या आणि घरात बाई-पुरुषांत कोण वर, कोण खाली ते त्यात कसं दिसतं हे टिपायचं, असं ठरवलं होतं. पाच झाल्या. सहावी उशाशी पडून आहे. तिच्यात जीव रमेना, बघू.

सुरुवातीला मी पेन्सिलीनं फक्त मारहाण, हुंडा, ‘मुलगीच झाली’ असल्या प्रसंगांवर खुणा करत होते. पहिल्या दोन पुस्तकांत पानंच्या पानं कोरी राहिली. निवडच चुकली, असं वाटलं. मग वहीत दोन रकाने आखले: जेवताना कोण उठलं, आणि कोण कुणाला काय हाक मारतं. तेव्हापासून पेन्सिल झिजायला लागली.

अनिता देसाईंच्या ‘फास्टिंग, फीस्टिंग’मध्ये (१९९९) एक संत्रं आहे. आई ते सोलते, फोडींवरचे दोरे काढते, बिया काढते, आणि एकेक फोड पपांच्या पुढ्यात ठेवते. ते खाऊन झालं की बोटं बुडवायचं भांडं लागतं. उठते कोण? मुलगी, उमा. ते भांडं आणि नॅपकिन घरात फक्त पपांना. कुणी हात उगारत नाही, तरी अख्खं घर कळतं. हा तुकडा मी आईला मराठी करत वाचून दाखवला. ती म्हणाली, “दोरेसुद्धा? आमच्याकडे बियांवर भागायचं.”

दुसऱ्या रकान्यानं मात्र घाम फोडला. इंग्रजीत नवरा-बायको दोघंही ‘यू’. आपल्याकडे त्यानं ‘अगं’ आणि तिनं ‘अहो’ म्हटलं की कोण वर, कोण खाली ते तिथंच कळतं. इंग्रजीत लिहिणारीला ते दुसऱ्या वाटेनं आणावं लागतं. शशी देशपांडे ते नावातून आणतात. ‘दॅट लाँग सायलेन्स’मधल्या (१९८८, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) जयाची लग्नानंतर ‘सुहासिनी’ होते. वाचताना मला ताम्हनातले तांदूळ आणि त्यात अंगठीनं लिहिलेलं नावच दिसलं. आईचं माहेरचं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय.

देशपांड्यांचीच ‘द डार्क होल्ड्स नो टेरर्स’ (१९८०) मी दोनदा मिटून ठेवली. सरू डॉक्टर, नवरा मनोहर कॉलेजात शिकवतो. सरूची मुलाखत घ्यायला आलेली मुलगी त्याला सहज विचारते, बायको नुसतं लोणी नाही तर पावही कमावते, कसं वाटतं? तिघंही हसतात. पुढे रात्री हाच माणूस तिच्यावर तुटून पडतो आणि सकाळी काही घडलंच नाही असा वागतो. माझी प्रत अप्पा बळवंत चौकातली, जुनी. त्या पानाच्या समासात आधीच्या कुणी तरी लिहून ठेवलंय, ‘इम्पॉर्टंट, १० मार्क’. मनोहर आतून आणखी दिसायला हवा होता, अशी माझी तक्रार आहे. सरूची आई मात्र पक्की उतरली आहे: मुलगा बुडाला त्याचा राग ती जन्मभर मुलीवर धरते.

पुढची जोडी ठरली. नगरला जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांची ‘कमला’ (१८९४), बालवधूची गोष्ट. आणि तिच्याशेजारी हरिभाऊ आपट्यांची मराठी कादंबरी ‘पण लक्षात कोण घेतो?’, जी १८९० पासून आपल्या पुण्यातल्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात येत होती. एकाच काळातल्या सासरघरी दोन्ही भाषांत कोण उठतं, ते बघायचंय. ‘कमला’ची छापील प्रत कुणाकडे असेल तर आठवडाभर द्या. पीडीएफ नको, डोळे चुरचुरतात.