आजीच्या ओव्या आणि गेलेला पहिला सेकंद

आजी जात्यावर बसून ओव्या म्हणायची, त्या मी सहा वर्षं रेकॉर्ड करत होतो. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढा माझ्या लॅपटॉपमध्ये उरला. २०२२ च्या पावसाळ्यात त्या आवाजातली खरखर काढायला मी एका महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे फुकटात चालणारी चोरटी प्रत, उतरवलं, चालवलं आणि चहा करायला उठलो. परत येऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. एकही फाइल उघडेना. फोल्डरा-फोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०.

माझे हातपाय गार पडले. त्या घाईत मी बॅकअपची हार्ड डिस्क जोडली, आणि नेमकं तेच करायला नको होतं. हा व्हायरस विंडोजमध्ये स्वतःचं वेळापत्रक लावून ठेवतो. दर काही मिनिटांनी पुन्हा जागा होतो आणि नवं दिसेल ते बंद करतो. माझ्या डोळ्यांदेखत बॅकअपही गेला. मग कुठे वायफाय बंद केलं.

दुरुस्तीवाला म्हणाला, “दादा, फॉरमॅट मारू, विषय संपला.” मी त्याला थांबवलं. आधी सगळ्या बंद फाइली चिठ्ठीसकट कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मोबाइलवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण या व्हायरससोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली.

फाइली कोंडून खंडणी मागणाऱ्या अशा व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. ‘आयडी रॅन्समवेअर’ नावाची एक मोफत साइट आहे. तिथे चिठ्ठी आणि एक बंद फाइल चढवली की कुठल्या जातीचा व्हायरस आहे ते कळतं. माझा निघाला स्टॉप-डीजेव्हीयू. याची किल्ली, म्हणजे फाइली उघडायला लागणारा गुप्त कोड, बहुतेक वेळा चोरांच्या सर्व्हरवरून येते, प्रत्येक कॉम्प्युटरसाठी वेगळी. सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर तो स्वतःजवळची ऑफलाइन किल्ली वापरतो. ती अनेकांना सारखीच लागते, त्यामुळे कधीतरी हाती येऊ शकते. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी वन’ (t1) असेल तर ऑफलाइन समजायचं. माझ्या आयडीत ते नव्हतं. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरने, म्हणजे बंद फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमने, स्पष्ट सांगितलं: ऑनलाइन आयडी, उघडता येणार नाही. पैसे द्यायचे नाहीत हे मात्र मी ठरवलंच होतं. ज्यांनी आजीचा आवाज कोंडला, त्यांच्या शब्दावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?

चार दिवस जेवण गेलं नाही. मग वाचनात आलं की हा व्हायरस घाईत असतो. भराभर जास्तीत जास्त फाइली बंद करायच्या म्हणून तो प्रत्येक फाइलचे फक्त पहिले सुमारे १५० केबी बिघडवतो. मी कागद ओढला. माझी रेकॉर्डिंग्ज वेव्ह फाइली, सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. १५० केबी म्हणजे साधारण दीड लाख बाइट, एक सेकंदसुद्धा नाही!

ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ‘रॉ डेटा’, म्हणजे नुसता कच्चा आवाज, म्हणून फाइल आत घेतली. १६ बिट, स्टिरिओ, ४४,१०० असं भरलं आणि प्ले दाबलं. आधी कानठळ्या बसवणारी खर्रर्र, आणि लगेच जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, आजी. मी हेडफोन काढून बायकोच्या कानाला लावला. दोघंही काही बोललो नाही.

वर्ड फाइली मात्र छोट्या, त्या आख्ख्या गेल्या. ओव्यांची अक्षरं मी आता ऐकून ऐकून वहीत पुन्हा उतरवतोय. बंद फाइलींची डिस्क कपाटात जपून ठेवली आहे. २०१५ मध्ये डच पोलिसांनी कॉइनव्हॉल्ट नावाच्या रॅन्समवेअरचा सर्व्हर ताब्यात घेतला, तेव्हा किल्ल्या लोकांना मिळाल्या होत्या. पुढच्याच वर्षी डच पोलीस, युरोपोल आणि काही कंपन्यांनी मिळून ‘नो मोअर रॅन्सम’ ही अशा किल्ल्या मोफत देणारी साइट सुरू केली. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी डोकावतो.

एका रेकॉर्डिंगमध्ये आजीने बटण दाबल्या दाबल्या सुरुवात केली होती. ‘पहिली’ हा शब्द खरखरीत गेला. ती ओवी आता ‘माझी ओवी’पासून सुरू होते.