आजोबांचं डेस्क आणि चपड्याचं पॉलिश

आजोबांचं मांडी घालून लिहायचं सागवानी डेस्क आहे, उतरत्या झाकणाचं. जूनमधे त्याला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करायला घेतलं आणि आत्ता ऑक्टोबरात कुठे झाकण मनासारखं झालंय, मधे तीनदा सगळं काढून टाकलं.

पहिल्यांदा घरातली दोन वर्षं जुनी तयार बाटली वापरली. चार दिवस झाले तरी चिकट, बोटांचे ठसे उठायचे. चपडा स्पिरिटमधे विरघळून पडून राहिला की हळूहळू बदलतो, साधारण सहा महिन्यांनी त्याचा भरवसा नाही. मग सुका चपडा आणला, लिटरला २४० ग्रॅम घातला, दोन दिवसांनी गाळून घेतला, आणि ब्रशने मारताना एक जागा राहिली म्हणून परत ब्रश फिरवला, तिथे जी वळी उठली ती शेवटपर्यंत गेली नाही. कारण नवा हात आधीच्या हाताला विरघळवतो, अर्धवट सुकलेल्यावर ब्रश गेला की तो ओढला जातो. राहिली जागा तर राहू द्यायची, पुढच्या हातात भरते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खूप वाचलं असतं!

तिसरा प्रयत्न जुलैत, बाहेर धो धो पाऊस. तासाभरात झाकणावर पांढुरकी साय धरल्यासारखं झालं. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं आणि हवेतलं बाष्प त्यावर धरतं, म्हणून. पावसाळ्यात हे काम करूच नये असं माझं ठाम मत झालंय.

आता लिटरला १२० ग्रॅमचंच पातळ पॉलिश करतो, आणि ब्रश बंद. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून गोळा करायचा, तळहातावर दाबला तर नुसता ओलावा लागला पाहिजे, थेंब नको. गोळा अडायला लागला की त्याला जवसाच्या तेलाचा एक थेंब. हात चालता ठेवूनच टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा, थांबलात की चिकटलाच. (तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.)

पीयू (पॉलियुरेथेनचं व्हार्निश) मारा, एका दिवसात होईल, असं बरेच जण म्हणाले. पण पीयूवर ओरखडा पडला की तेवढ्यापुरतं जुळवून घेणं अवघड, चपड्याचा नवा हात जुन्यात मिसळून जातो, म्हणजे ज्या गुणाने मला रडवलं त्याच गुणाने हे डेस्क पुढेही दुरुस्त होत राहील. गरम कप मात्र त्यावर ठेवायचा नाही, डाग पडतो.

झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात आजोबांच्या दौतीचा काळा डाग आहे. तो घासला नाही. चपड्याखाली तो आता जास्तच गडद दिसतो. बाजूच्या फळ्या दिवाळीनंतर घेईन.