दोन याकोब आणि एक गाव: जर्मन चर्चच्या जुन्या वह्यांमधून पूर्वज शोधताना

माझ्या सासूबाईंकडे एक निळी वही आहे. आडनावं, जन्मसाल, गाव, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. त्यांची आजी १८८४ साली श्टुटगार्टजवळच्या बॉयटेल्सबाख गावात जन्मली, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजीच्या मागची माणसं मात्र कुणीतरी इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळीतून उतरवून घेतलेली. यंदा चौऱ्याऐंशी पूर्ण झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "हे खरं आहे का, तेवढं बघून दे." नवऱ्याला कामातून सवड नव्हती आणि मला या गोष्टींची पहिल्यापासून ओढ. आमच्या घरची वंशावळ मी लहानपणी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पाहिली आहे. त्यात पणजोबांची सही दिसली तेव्हा अंगावर आलेला काटा अजून आठवतो.

युरोपात किंवा अमेरिकेत जर्मन घरात लग्न होऊन गेलेल्या मराठी मुली आता बऱ्याच आहेत. कुणाच्या ना कुणाच्या सासरी असा प्रश्न निघतोच, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात आडनावापासून करू नका, गावापासून करा. जर्मनीत एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं आणि तेच आडनाव शेजारच्या दहा गावांत असतं. नोंदी मात्र गावच्या चर्चमध्येच झाल्या. संपूर्ण जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. प्रशिया या तिथल्या सगळ्यात मोठ्या राज्यात त्याआधी, ऑक्टोबर १८७४ पासून. त्यापूर्वी माणूस जन्मला, त्याचं लग्न लागलं, तो गेला, याची नोंद पाद्र्याच्या वहीत. म्हणून १८७६ नंतरचा एखादा सरकारी कागद आधी मिळवा. त्यावर आईवडिलांची नावं मिळतात आणि तिथून मागे सरकता येतं. जन्माच्या नोंदी ११० वर्षांनी, लग्नाच्या ८० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. त्याआधी थेट वंशजांना मिळतात, नातं सिद्ध करावं लागतं. आजीची १८८४ ची नोंद खुली होती.

इथे एक खाचखळगा. १९७०च्या दशकात तिकडे गावांची मोठी जोडाजोड झाली. बॉयटेल्सबाख १९७५ पासून वाइनश्टाट नावाच्या शहराचा भाग आहे. जुन्या कागदावरचं गाव आज कोणत्या नगरपालिकेत येतं ते आधी बघा, नाहीतर पत्र भलतीकडेच जाईल.

आमचा पहिला दिवस श्टुटगार्टच्या म्योरिंगन भागात, व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे श्टुटगार्टभोवतालच्या जुन्या राज्याच्या, इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) चर्चच्या अभिलेखागारात गेला. गावातल्या पाद्र्यांचं दार वाजवायच्या आधी इथे चौकशी करा, कारण जुन्या वह्यांच्या प्रती इथे बघायला मिळतात. मूळ वही हातात घ्यायचा हट्ट धरू नका. तीनशे वर्षांचा कागद आहे, प्रत्येकाने उलटला तर पुढच्यांना काही उरणार नाही. जागा आगाऊ राखून ठेवा आणि गावाचं नाव, पंथ आणि साल लिहून न्या. पंथ महत्त्वाचा. कुटुंब कॅथलिक असेल तर वाट वेगळी. अनेक कॅथलिक धर्मप्रांतांच्या वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. प्रोटेस्टंट वह्यांसाठी २०१५ साली सुरू झालेलं आर्खिऑन आहे. तिथे कोणत्या गावाच्या कोणत्या सालच्या वह्या आहेत ही यादी फुकट दिसते, पानं बघायला पास घ्यावा लागतो. यादी आधी तपासा, मगच पैसे भरा. आणि नाव टाइप केलं की पान समोर, असं तिथे होत नाही. वही पानापानाने चाळावी लागते.

अडतं ते लिपीशी. या वह्या कुरेंट लिपीत आहेत. कुरेंट म्हणजे धावती लिपी, आपली मोडी जशी हात न उचलता पळते तशीच. तिच्यातला ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. कमान पुसट झाली की संपलं. मी घरी तीन आठवडे रोज अर्धा तास वर्णमाला गिरवली. तरीही पहिल्या तासात एक ओळ लागेना.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या, चष्मा कपाळावर सारला आणि सरळ वाचायला लागल्या. त्यांच्या आजीची पत्रं याच वळणाच्या अक्षरात असायची, म्हणून लहानपणापासून डोळ्याला सवय. १९४१ साली शाळांमधून ही लिपी काढून टाकली, त्यामुळे त्यांच्यापेक्षा लहान माणसांना आजीचं पत्र वाचता येत नाही. आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या मोडीतल्या कागदांचं एक गाठोडं आहे, त्यातली एक ओळही मला येत नाही. मी तिथे बसल्या बसल्या तेच मनात धरून होते. घरात असं वाचणारं माणूस असेल तर त्याला बरोबर न्या, आणि लवकर न्या.

व्युर्टेम्बर्गमध्ये शोधणाऱ्यांना एक मोठं वरदान आहे. १८०८ पासून तिथल्या प्रत्येक पाद्र्याला कुटुंबवही ठेवावी लागे. एका घराला एक पान. वर डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, दोघांचे जन्म, लग्न, मृत्यू आणि दोघांचे आईबाप. खाली मुलं ओळीने, प्रत्येकापुढे जन्माची तारीख, कन्फर्मेशनची (चौदाव्या वर्षाच्या सुमारास चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याच्या विधीची) तारीख, आणि लग्न झालं असेल तर त्याच्या स्वतःच्या पानाचा आकडा. कुणी अमेरिकेला किंवा रशियाला गेलं तर तेही तिथेच. पूर्वज या भागातले असतील तर बाप्तिस्म्याच्या वह्यांत शिरायच्या आधी हेच पान शोधा, आठवड्याचं काम एका दुपारी होतं.

आमचं पान दुपारी अडीचला सापडलं. आई ख्रिस्टिना बार्बारा, जन्म १७८८. नवरा द्राक्षमळेवाला. खाली नऊ मुलं. त्यातल्या पाचांपुढे छोटा क्रूस, म्हणजे वारल्याची खूण. पाद्र्याने तो इतका बारीक काढला होता की आधी मला शाईचा ठिपका वाटला. त्या पाचांपुढचा कन्फर्मेशनचा रकाना कोरा होता. चौदाव्या वर्षापर्यंत पोचलेली फक्त चार.

आणि त्या नऊ नावांत योहान याकोब दोनदा. एक १२ नोव्हेंबर १८१३ चा, दुसरा फेब्रुवारी १८१९ चा. निळ्या वहीत सासूबाईंचा खापरपणजोबा म्हणून १८१३चा याकोब लिहिलेला होता. कुणीतरी बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, नाव जुळलं, आणि तिथेच थांबलं. आम्ही मृत्यूची वही मागितली. २१ एप्रिल १८१७, योहान याकोब, वय ३ वर्षं ५ महिने ९ दिवस. या वह्यांत वय असं दिवसांपर्यंत लिहितात. उलटी वजाबाकी केली की जन्मतारीख बरोबर १२ नोव्हेंबरला येते. म्हणजे ज्याचा वंश पुढे चालला तो दुसरा याकोब. पहिल्याच्या जाण्यानंतर दोन वर्षांनी झालेल्या मुलाला आईबापांनी तेच नाव ठेवलं.

असं तेव्हा सर्रास होत असे. म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: जन्म सापडला म्हणून थांबू नका, त्याच मुलाचं मरण शोधा. पुढची पंधरा वर्षं मृत्यूची वही चाळून बघा. तो वारलेला नाही अशी खात्री झाली की मगच त्याला वंशावळीत घाला. इंटरनेटवरची तयार झाडं दिशा दाखवायला चांगली, पण त्यातलं प्रत्येक पान वहीशी ताडून घ्या.

१८१७ हे साल पाहून मी थबकले. एप्रिलमध्ये याकोब, जूनमध्ये त्याची काही आठवड्यांची बहीण. तिच्यापुढे कारण लिहिलं होतं "गिख्टर", म्हणजे झटके. तान्ह्या मुलांपुढे हा शब्द त्या वह्यांत पानोपानी भेटतो. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने १८१६ चा उन्हाळाच नाहीसा केला. व्युर्टेम्बर्गमध्ये पीक कुजलं, द्राक्षं पिकली नाहीत, १८१७ ची पहिली सहामाही उपासमारीची गेली. हजारो माणसं गाव सोडून रशियाकडे आणि अमेरिकेकडे निघाली. हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं. पण एका आईच्या पानावर दोन महिन्यांच्या अंतराने दोन क्रूस दिसले, तेव्हा ते साल मला कळलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पहिल्यालाही वहीत लिहायचं."

वाचताना अडखळायला होईल अशा काही गोष्टी. बायकांच्या आडनावाला जुन्या नोंदींत शेवटी "इन" लागतो. ते वेगळं आडनाव नाही, तो फक्त स्त्रीलिंगी प्रत्यय. सातचा आकडा आणि पुढे "बर" दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर; आठ म्हणजे ऑक्टोबर. लॅटिन आकड्यांवरून आलेली ही पद्धत आहे. १७०० सालच्या आधी गेलात तर कॅलेंडर सांभाळा. कॅथलिक प्रदेशांनी नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८० च्या दशकात घेतलं, प्रोटेस्टंटांनी थेट १७०० मध्ये, १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च. दोन शेजारी गावांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो तो यामुळे. व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच गावांत १६३४ च्या आधीचं काही सापडत नाही. तीस वर्षांच्या युद्धात, न्योर्डलिंगनच्या लढाईनंतर, सैन्य या खोऱ्यांतून गेलं आणि घरांबरोबर वह्याही जळल्या. तिथे वाट संपली तर स्वतःला दोष देऊ नका.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतले धर्ममायबाप, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाचे साक्षीदार म्हणून उभे राहणारे, कधीही गाळू नका. दोन्ही याकोबांचे धर्ममायबाप तेच होते, एक सुतार आणि एका द्राक्षमळेवाल्याची बायको. आपण एकाच घरात आहोत याची ती दुसरी खूण. असे साक्षीदार बहुधा भावंडं किंवा शेजारी असतात, आणि लग्नाची नोंद सापडत नसेल तर त्यांच्या मागे गेलं की आईचं माहेर सापडतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. श्टुटगार्टहून शोर्नडॉर्फकडे जाणारी एस-२ लोकल बॉयटेल्सबाखला थांबते, गाडी काढायची गरज नाही. रेम्स नदीचं खोरं, दोन्ही अंगांना द्राक्षमळे. व्युर्टेम्बर्ग राजघराण्याचे पहिले पुरुष इथल्याच चर्चमध्ये पुरलेले होते. १३२१ साली त्यांचं दफनस्थान श्टुटगार्टला हललं. १५१४ मध्ये ड्यूक उलरिखने कर वाढवण्यासाठी वजनं हलकी केली, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी ती वजनं रेम्स नदीत टाकून दाखवली: तरंगली तर ड्यूक खरा, बुडाली तर आम्ही खरे. बुडाली. गरीब कॉनराडचं बंड म्हणतात ते हेच.

मी मनात धरून चालले होते की स्मशानात जुने दगड दिसतील. नाही दिसले. जर्मनीत थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठी, बहुधा वीस-पंचवीस, भाड्याने असते. मुदत वाढवली नाही तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात. अमेरिकेतून येणारी मंडळी यासाठीच फार हिरमुसतात, म्हणून आधीच सांगते. थडगं शोधायला जाऊ नका. गाव बघायला जा.

सासूबाईंनी चर्चच्या भिंतीला हात लावला आणि तिथून मळ्यांकडे बघत राहिल्या. व्युर्टेम्बर्गमध्ये वारसाची जमीन सगळ्या मुलांत, मुलींतही, सारखी वाटायची पद्धत होती. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या झाल्या आणि एकेका घराकडे अशा चिंचोळ्या पट्ट्या उरल्या. सातबाऱ्यावरच्या गुंठ्यांचे तुकडे पाहिलेल्या माझ्यासारखीला ते समजावून सांगावं लागलं नाही.

या वाटण्यांचाच एक फायदा शोधणाऱ्यांना होतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. लग्न झालं की आणि माणूस गेलं की घरातल्या वस्तूवस्तूची यादी व्हायची, पातेली, चादरी, प्रार्थनापुस्तक, पिंप, मळ्याची पट्टी, प्रत्येकाची किंमत घालून. या याद्या चर्चकडे नसतात, गावच्या किंवा आता ज्या शहरात ते गाव गेलं त्याच्या अभिलेखागारात असतात. चर्चच्या वहीतून लग्नाची आणि मृत्यूची तारीख घेऊन गेलात तर त्यांना शोधणं सोपं जातं.

परतीच्या गाडीत सासूबाईंनी निळी वही उघडली. १८१३ च्या याकोबच्या नावावर काट मारली नाही. त्याच्यापुढे क्रूस काढला, २१ एप्रिल १८१७ लिहिलं आणि खालच्या ओळीत दुसऱ्या याकोबला जागा दिली. मग बाकीच्या चार क्रूसांची नावं मला एकेक करून सांगायला लावली.

पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे. ख्रिस्टिना बार्बारा लग्नात काय काय घेऊन आली होती ते आम्हाला बघायचंय.