मतपेटीला कुलूप लावायच्या आधी

सोमवार, रात्री

रुग्णालयातल्या ठेका कामगारांनी संपावर जायचं की नाही, हे गुप्त मतदानाने ठरवायचं, त्याच्या तयारीची ही टिपणं. इंदूरात संपाला 'हड़ताल'च म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. आणि हा शब्द निघाला की जुन्या माणसांना मिल आठवते. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी मोकळे झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षं! मिलचा आणि रुग्णालयाच्या संपाचा तसा संबंध नाही, पण या गावात कुणी 'काम बंद' म्हटलं की समोरून आधी विचारतात, "पैसे अडकले तर?" त्याला भित्रेपणा म्हणून उडवून लावणारे पुढारी मतदानात आपटतात.

तर आधी पैसे. वॉर्डबॉय, आया, सफाईवाले, लाँड्रीवाले, गार्ड हे सगळे ठेकेदाराकडून आलेले. 'योग्य पगार द्या' ही मागणी फलकावर चांगली दिसते, पण टेबलावर ठेवली की तिचं काहीही करता येतं. मागणी पगाराच्या पर्चीवरच्या आकड्यांतून काढायची.

समजा महिन्याचा पगार १२,०००. त्यातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे ९० कापले जातात. हातात १०,४७० यायला हवेत. ठेकेदाराने आपल्या खिशातून पीएफपोटी खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,५६०, आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० भरायचे. बोनस किमान ८.३३ टक्के, तो महिन्याला साधारण हजार पडतो. हातात नऊ हजारांच्या आसपासच येत असतील तर बहुतेक वेळा ठेकेदाराचा वाटाही कामगाराच्याच पगारातून गेलेला असतो. पर्चीवर ते 'पीएफ' एवढंच दिसतं. पीएफचं पासबुक उघडून कामगाराचा आणि मालकाचा असे दोन्ही रकाने पर्चीशी ताडल्याशिवाय ही चोरी सापडत नाही. पासबुकातला मालकाचा रकाना १,४४० चा नसतो, हेही आधी सांगून ठेवावं. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि पीएफमध्ये ३.६७ टक्केच दिसतात. नाहीतर पहिल्याच बैठकीत कुणीतरी "देखो, कम भरा" म्हणून उठतं, आणि समोरचा माणूस शांतपणे नियम दाखवून सगळ्यांना गप्प करतो.

किमान वेतनाची गोष्टही तारखांनिशी मांडायची. मध्य प्रदेशात मूळ दर २०१४ नंतर थेट १ एप्रिल २०२४ पासून वाढले. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाची स्थगिती आली, ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. मधल्या महिन्यांचा फरक हा वेगळा कागद, चालू दराचा वेगळा. आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, काम करणाऱ्याला 'अकुशल'च्या दरात बसवलं असेल तर ते वर्गवारीचं भांडण आहे. ते पगारवाढीत मिसळलं की दोन्ही हातचे जातात.

मंगळवार

आज यादी. मतदान फसतं ते इथेच, पेटीजवळ नाही.

मतदार कोण, हे आधी लिहून काढायचं. युनियनचे वर्गणीदार सभासद, की मस्टरवरचे सगळे? दोन्हीला अर्थ आहे, पण मधेच बदलता येत नाही. मस्टर घेतलं तर कोणत्या तारखेचं? ठेकेदार मतदानाच्या आठवड्यात पंधरा नवी नावं घुसवू शकतो, म्हणून मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाची हजेरी धरलेली बरी.

नावांचा घोळ तर ठरलेलाच. एका मस्टरवर चार सुनीता सहज निघतात, त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांची नावंही सारखी. आधारवर माहेरचं आडनाव, मस्टरवर सासरचं, बँकेत आडनावच नाही. त्यामुळे नावापुढे यूएएनचे, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे. ते माहीत नसतील तर ईएसआय कार्डावरच्या विमा क्रमांकाचे. यादी विभागवार लावायची, आडनावांच्या क्रमाने नाही. लोक "लेबर रूमवाली" म्हणून ओळखले जातात, आडनावाने नाही.

यादी तीन दिवस आधी लावावी, जिथे लोक खरोखर जातात तिथे: हजेरीच्या मशिनजवळ, लाँड्रीच्या दाराशी, सफाईच्या स्टोअरपाशी. सूचनाफलकावर लावलेलं कुणी वाचत नाही.

बुधवार

प्रश्न एकच असावा. "पगारवाढीसाठी आणि पक्क्या नोकरीसाठी आंदोलन करायला तयार आहात का?" यात तीन प्रश्न आहेत, आणि 'हो' आलं तरी कशाला हो, ते कळत नाही. काळी फीत लावणं हेही आंदोलनच आणि बेमुदत संपही आंदोलनच. कागदावर किती तासांचा संप, कोणत्या आठवड्यात, कोणत्या मागणीसाठी, आणि खाली हाँ, नहीं. कागद हिंदीतच हवा. मराठी बोलणारे आहेत, पण माळवी आणि निमाडी बोलणारे जास्त.

गुरुवार, उशिरा

कायद्यावर आज बराच वेळ गेला, आणि जावाच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही श्रमसंहिता लागू आहेत. जुन्या १९४७ च्या कायद्यात संपाआधी नोटीस देण्याचं बंधन सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होतं, आता ते सगळ्याच आस्थापनांना आहे. यातला साठ दिवसांचा आकडा बहुतेक जण उलटा वाचतात. साठ दिवस आधी नोटीस द्यायची, असा त्याचा अर्थ नाही. नोटीस दिल्यापासून पहिले चौदा दिवस संप करता येत नाही, आणि साठ दिवस उलटले की ती नोटीस शिळी होते. संप जो काही करायचा तो या दोन कडांच्या मधे. नोटिशीत लिहिलेल्या तारखेच्या आधीही नाही.

खरी अडचण त्याच्या पुढे आहे. नोटीस मिळाली की दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी सलोखा अधिकारी बैठक बोलावतो. पहिली बैठक झाली की सलोख्याचं कामकाज सुरू झालं असं धरतात, आणि ते चालू असेपर्यंत व संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. म्हणजे चौदा दिवस मोजून पंधराव्या दिवशी बाहेर पडणारे बहुधा बेकायदा संपातच पाऊल टाकतात. कामगाराला त्यासाठी १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे नोटिशीतली तारीख पंधराव्या दिवसाची नसावी. सलोख्याचे दिवस आणि वरचे सात धरून, साठ दिवसांच्या आतली.

'आपण संप करतच नाही, सगळे एकदम रजा टाकू' ही युक्तीही आता चालत नाही. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली, तर संहिता त्यालाच संप म्हणते.

आणि आठ दिवसांचा पगार. दहा किंवा जास्त जण संगनमताने, सूचना न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, आणि नेमणुकीच्या अटींत तशी तरतूद असली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. १२,००० ला २६ ने भागून आठपट केली की ३,६९२ होतात. एका दिवसाच्या रागाची ही किंमत मतदानाआधी मोठ्याने वाचून दाखवायला हवी. लपवली तर ठेकेदाराचा सुपरवायझर ती सांगतोच, आणि मग त्याचं म्हणणं खरं ठरतं.

वर राज्याचा १९७९ चा अत्यावश्यक सेवांचा कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'एस्मा'. आरोग्यसेवेला तो लावला की नोटीस, मतदान सगळं बाजूला राहतं. असा आदेश चालू आहे का, हे नोटीस लिहिण्याआधी बघायचं, नंतर नाही.

नोटीस ठेकेदाराला, कारण कागदोपत्री मालक तो. प्रत रुग्णालयाच्या अधीक्षकांना, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. एक प्रत श्रम विभागाला. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय भोपाळला नाही, आपल्याच इंदूरात आहे, तरी लोक उगाच भोपाळला रजिस्टर्ड पत्रं पाठवतात.

मतदान मात्र कुठेच सक्तीचं नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला नोटिशीआधी सभासदांचं बहुमत घ्यावं लागतं. इथे तसं नाही. इथे हात वर करून, घोषणा देऊन संप ठरवता येतो. सुपरवायझर भिंतीला टेकून उभा असताना वर आलेले हात मोजून ठरवलेले संप तिसऱ्या दिवशी कसे विरघळतात, ते या गावाने कमी पाहिलेलं नाही.

शनिवार

मतदानाआधी दुसरी यादी हवी: संपातही कोण कामावर राहणार. आयसीयू, अपघात विभाग, लेबर रूम, नवजात कक्ष, डायलिसिस, ऑक्सिजन, जनरेटर, शवागार. नावासकट, पाळीसकट. ही यादी मतपत्रिकेबरोबर लोकांना दिसली पाहिजे. ती न दाखवता मत मागितलं तर आयसीयूतली आया 'नहीं' वर शिक्का मारते, आणि बरोबरच करते.

ऑक्सिजनचंच बघा. ट्रॉलीवरचा बी टाइप सिलिंडर साधारण १,५०० लिटरचा. मिनिटाला दहा लिटर लावला तर १५० मिनिटं, अडीच तास. मोठा जम्बो ७,००० लिटरचा, त्याच गतीने पावणेबारा तासांच्या आत रिकामा. काटा तळाला जायची वाट कुणी बघत नाही, त्याआधीच बदलतात. मध्यवर्ती पाइपलाइन असली तरी एक्स-रेला, सोनोग्राफीला, वॉर्डातून ओटीला रुग्ण नेताना सिलिंडरच लागतो. तो ओढणारा, पाना लावणारा, वॉशर जागेवर आहे का बघणारा माणूस वॉर्डबॉयच असतो. "एक पाळी तर आहे, चालून जाईल" असं म्हणणाऱ्याने हे अडीच तास लक्षात ठेवावेत.

दुसरं कचऱ्याचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपलीकडे ठेवता येत नाही. संपात ठेकेदार बाहेरून पोरं आणतो. त्यांना पिवळी, लाल, पांढरी, निळी यांतला फरक कुणी शिकवलेला नसतो. सुई पांढऱ्या डब्याऐवजी लाल पिशवीत जाते, पिशवी गाठ मारून खांद्यावर टाकली की ती पाठीत घुसते. संप मोडायला आलेला तो पोरगाही आपल्यासारखाच तीन-चारशे रुपये रोजावरचा. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

याच नियमांत एक मागणी फुकट पडून आहे. कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी संस्थेची आहे, ठेक्यावरच्यांनाही. हेपॅटायटिस बीचे तीन डोस: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तेवढ्यात ठेकेदार बदलतो, रजिस्टर त्याच्याबरोबर जातं, आणि तिसरा डोस राहून जातो. मागणीपत्रात पगाराच्या खालोखाल हे असावं. याला नाही म्हणणं कुणालाच सोपं नाही, आणि सलोख्याच्या टेबलावर पहिली सही कशावर तरी व्हावी लागते.

रविवार

पेटीचं गणित पाळ्यांवर बसवायचं. आठ ते दोन, दोन ते आठ, आणि रात्र. म्हणून पेटी सकाळी साडेसात ते साडेआठ, दुपारी दीड ते अडीच, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. असे दोन दिवस, म्हणजे साप्ताहिक सुट्टीवाले सुटत नाहीत. मधल्या वेळात झाकणाच्या फटीवर कागदी पट्टी, तिच्यावर तिघांच्या आडव्या सह्या, सह्यांवरून चिकटपट्टी. किल्ली एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे.

मतपत्रिकेवर हाँ आणि नहीं यांच्या मधे भरपूर कोरी जागा सोडायची, आणि कागद आधी उभा, मग आडवा दुमडायला सांगायचं. शाईचा ठसा दुमडीत समोर उमटतो, आणि जागा कमी असली की एक मत दोन्हीकडे दिसतं. मग मोजणीत अर्धा तास भांडण. ठशासाठी अंगठा नको, गोल शिक्का बरा. अंगठ्यावरून मत कुणाचं ते ओळखतील, अशी भीती बायकांना खरोखर असते.

मोजताना पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. पण निकाल वाचायचा कसा? समजा यादीत २४० नावं, मतं पडली १३०, त्यात हाँ ९०. पडलेल्या मतांचे ६९ टक्के! टाळ्या वाजतात. यादीचे मात्र साडेसदतीसच टक्के, आणि ११० जण पेटीकडे फिरकलेच नाहीत. ते ११० सोमवारी सकाळी मस्टरवर सही करणार की नाही, हे ६९ या आकड्यात कुठेच नाही. म्हणून मर्यादा आधी जाहीर करायची: यादीच्या निम्म्याहून जास्त हाँ असतील तरच नोटीस. निकालानंतर ठरवलेली मर्यादा कुणी मानत नाही.

विभागवार मोजणी करावी का? करावी, कारण सगळे हाँ सफाईच्या सकाळच्या पाळीतले असतील तर तो संप नव्हे, एका पाळीची गैरहजेरी. पण शवागारात तिघेच असतात. तीनही हाँ निघाले तर गुप्त काय राहिलं? दहापेक्षा लहान विभाग एकत्र करून एकच पेटी. शवागार, लाँड्री, ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) मिळून एक.

निकालाचा कागद मोजणीच्या जागीच लिहायचा: यादी किती, मतं किती, हाँ, नहीं, बाद, न वापरलेल्या कोऱ्या पत्रिका किती. कोऱ्यांचा आकडा विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेमक्या त्याच मागतं. छापलेल्या २५० असतील तर हाँ, नहीं, बाद आणि कोऱ्या मिळून २५० च भरायला हव्यात. एक जरी कमी निघाली तरी कागदावर २४९ लिहून सह्या घ्यायच्या, आणि हजेरीच्या मशिनजवळ, जिथे यादी लावली होती, तिथेच रात्रपाळी सुटायच्या आधी डकवायचा.