मृगाआधी उचलायचा डेक

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. त्यांच्यासोबत कुंपणाजवळचा जुना सागही गेला. पोफळी गेल्यामुळे घराच्या मागल्या दारी एकदम उजेड आला, जागा मोकळी झाली. तिथे बसायला लाकडी डेक, म्हणजे उघड्यावरचा फळ्यांचा ओटा, करावा असं पुढे दोनेक वर्षांनी घरात ठरलं. ठरलं म्हणजे मी आणि वहिनीने ठरवलं. काकांचं म्हणणं, "बसायला पडवी आहे की! उन्हापावसात लाकूड घालतंय कोण?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत एखादी अवकाळी सर सोडली तर कोरडं. एप्रिलमध्ये मागल्या दारचे चिरे दुपारी पाय ठेवू देत नाहीत. समुद्र जवळ, त्यामुळे खारा वारा बारमाही. डेकबद्दल जे वाचायला मिळालं ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतलं होतं. तिकडचा त्रास गोठण्याचा, आपला कुजण्याचा आणि तडकण्याचा.

लाकडाबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतली आणि मग बाकीचे निर्णय सोपे झाले. लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजलेलं राहिल्याने कुजतं. आतला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे नीट बस्तान बसवता येत नाही. ओलावा मोजायचं, दोन सुया असलेलं छोटं मीटर मिळतं. ते मी विकत घेतलं आणि घरातल्या प्रत्येक लाकडाला टोचत सुटलो. पडवीच्या खांबात मे महिन्यात बारा-तेरा, ऑगस्टमध्ये वीसच्या वर. छपराखालच्या खांबाची ही कथा, तर उघड्यावरच्या फळीचं काय होणार!

पहिला पर्याय अर्थातच डब्ल्यूपीसी. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या पट्ट्या. वाळवी नाही, पॉलिश नाही, कायमची निश्चिंती, असं दुकानदार सांगत होता. नमुन्याचा तुकडा घरी आणून मेच्या उन्हात मागल्या दारी ठेवला. दुपारी पुतण्याला म्हटलं, उभा राहा अनवाणी. तो टेकला आणि उडालाच. गडद रंगाची डब्ल्यूपीसी लाकडापेक्षा खूप तापते, शिवाय तापली की लांबीत वाढते, म्हणून टोकांना फट सोडावी लागते. खाली आधारही जवळजवळ, फूट-सव्वा फुटावर द्यावे लागतात, नाहीतर उन्हात मऊ होऊन पट्टी मधे खचते. स्वस्तातल्या मालात भुसा उघडा राहतो आणि त्यात पावसाळ्यात काळी बुरशी धरते. वाईट वस्तू नाही, पण कायमची निश्चिंती वगैरे काही नाही.

मग दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन. याचं जुनं औषध म्हणजे सीसीए, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. ते १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी शोधलं आणि तिथून जगभर गेलं, हे मला फार आवडलं. पण त्यातल्या आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरगुती वापरासाठी त्याचं उत्पादन थांबलं. आमच्याकडे लहान मुलं रांगणार, विहीर चार पावलांवर. नको म्हटलं.

काकांचा उपाय सरळ होता: "चिरा घाला." जांभ्याचा चिरा आमच्या मातीतलाच, स्वस्त, उन्हापावसाला न बधणारा. पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ असं धरतं की आईसाठी तो धोकाच. खाली चिरा आणि वर लाकूड, इथे सगळ्यांचं जमलं.

लाकूड म्हणजे तो पडलेला साग. झाड आपलं, जागा आपली, पाडलं वाऱ्याने, तरी ते उचलून गिरणीवर नेता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात ज्या झाडांना परवानगी लागते त्यांच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी झाडं आहेत. सातबारा घेऊन वनखात्याकडे अर्ज केला, पाहणी झाली, पंचनामा झाला, ओंडक्यांवर हातोड्याचा छाप पडला, तेव्हा कुठे वाहतुकीचा पास. हे करून घ्या, कंटाळू नका; रस्त्यात गाडी अडली तर टेंपोवाला तुमच्याकडेच बोट दाखवतो.

गिरणीवर मेस्त्रींना बरोबर नेलं होतं. ओंडका चिरला की मधला तांबूस-सोनेरी गाभा आणि बाहेरचा फिकट पांढरा भाग अगदी वेगळे दिसतात. मेस्त्रींनी फळीवर खडूने रेघ मारली, "भाऊ, हे पांढरं बाहेर लावायचं नाही. साग म्हणून विकतात, पण किडा हेच खातो." बरोबरच होतं. डेहराडूनला लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ते किती काळ तग धरतात हे बघायची पद्धत आहे, तिला कबरस्तान चाचणीच म्हणतात. सरासरी १२० महिन्यांच्या वर टिकतं ते पहिल्या वर्गाचं. सागाचा गाभा त्यात बसतो. आंबा साठ महिन्यांच्या आतल्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात. सागाचा पांढरा भाग टिकाऊपणात गाभ्याच्या आसपासही येत नाही. म्हणून लागवडीतल्या कोवळ्या सागाचं, निम्मं पांढरं असलेलं लाकूड स्वस्त मिळालं तरी डेकला घेऊ नये. आमच्या पांढऱ्या फळ्यांची घरातली फडताळं झाली.

फळ्या गोठ्यात, मधे पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून रचल्या आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत विसरलो. टोकांना रंग एवढ्यासाठी की लाकूड टोकांतून सर्वांत भराभर सुकतं आणि तिथेच फाटतं.

आराखड्याचं अडलं होतं ते फळ्यांखालच्या सांगाड्यावर. लोखंडी केला तर खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत पापुद्रे. जस्ताच्या कढईत बुडवून आणला तरी जागेवर वेल्डिंग केलं की त्या ठिकाणचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. लाकडी केला तर तो बाराही महिने सावलीत, ओलाव्यात. हे सगळं मी जेवताना बोलत होतो. काका हात धुवायला उठले आणि म्हणाले, "मांडव काय आपण पावसात ठेवतो? मृगाच्या आधी उतरवतोच ना. तसा उतरवता येईल असा करा."

झालं. डेकची कल्पनाच बदलली. आमच्याकडे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दिवाळीनंतर मांडव घालतात आणि मेअखेर उतरवून दांडे, चिव्याचे बांबू आत रचून ठेवतात. डेकही तसाच करायचा, म्हणजे फळ्या जोडून केलेले साडेतीन फूट बाय तीन फुटांचे सुटे ताटवे, दोघांनी उचलावेत इतक्या वजनाचे. खाली साडेतीन फुटांवर चिऱ्याच्या बुटक्या ओळी, जमिनीपासून फूटभर उंच, आणि ताटवे त्यावर नुसते टेकलेले. सांगाडा नाही, खिळा नाही. आखूड फळ्या चालतात म्हणून वादळात मोडलेल्या सागाचे तुकडेही वाया गेले नाहीत.

प्रत्येक ताटव्याखाली किंजळीच्या तीन आडव्या पट्ट्या, सोळा इंचांवर एक. किंजळ वखारीतून घेतली; पाण्याला ती दाद देत नाही यावर मेस्त्री आणि काका या दोघांचं एकमत, जे एरवी कशावरच होत नाही. फळ्या चार इंच रुंद, एक इंच जाड, मधे पाच मिलिमीटर फट. मीटरवर बाराचे वीस झाले की चार इंची सागाची फळी दीड मिलिमीटरपर्यंत फुगते. मेमध्ये फट न ठेवता ठोकलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना ढकलून वर येतात. फट नेमकी यावी म्हणून मेस्त्रींनी पाच मिलिमीटर जाडीचे पत्र्याचे दोन तुकडे कापून घेतले आणि प्रत्येक फळीआधी ते मधे उभे धरले. चिरा ओलं शोषतो, म्हणून ताटवा टेकतो तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. खालच्या जमिनीला वाडीकडे उतार देऊन खडी पसरली, नाहीतर पागोळ्यांनी तांबडी माती उडते आणि तिचे डाग लाकडात बसतात ते बसतातच.

स्क्रूबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे लोक पैसे वाचवतात. साधा लोखंडी स्क्रू सागातल्या टॅनिनशी, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याशी, संयोग पावून भोवती काळा डाग पाडतो. स्टेनलेसमध्ये ३०४ नंबरचं सर्रास मिळतं, पण समुद्राकाठी त्यावरही तपकिरी ठिपके येतात. ३१६ नंबरमध्ये दोनेक टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. एका दुकानातून ३१६ म्हणून आलेल्या डब्यावर मला शंका आली. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारा चाचणीचा द्राव मिळतो, त्याचा थेंब टाकला आणि डबा परत गेला. मुंबईहून बोटींचं सामान विकणाऱ्याकडून मागवले. प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक, नाहीतर सागाची फळी टोकाशी हमखास चिरते.

पट्ट्यांना आणि फळ्यांच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. होड्यांच्या तळाला लावतात ते, काळं, उग्र. वाळवीला ते चालत नाही. अंगालाही चालत नाही, हातावर भाजल्यासारखे फोड येतात; कोपरापर्यंत हातमोजे घालूनच हे काम करायचं. वरून मात्र ते नको. वर रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं तेल. चकचकीत व्हार्निश सुंदर दिसतं, पण उन्हाने तडकलं की पाणी त्याच्या खाली शिरतं आणि तिथेच अडकतं, मग सगळं खरवडून काढायचं. टीक ऑइलच्या डब्यात बहुतेक जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल आणि थिनर असतं. नुसतं जवसाचं तेल आमच्या हवेत बुरशीला खाऊ घातल्यासारखं होतं, म्हणून डबा घेताना बुरशीनाशक आहे का ते वाचून घेतो. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल सुकताना तापतं, चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ही त्या पाण्याच्या बादलीत टाकतो, नाहीतर दोरीवर एकेक पसरतो.

आता वर्षाचा क्रम बसला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात ताटवे झाडून, मागल्या पडवीत न्हाणीच्या चुलीच्या अंगाला, मधे काठ्या घालून उभे लावायचे. चुलीच्या उबेने आणि धुराने ते कोरडे राहतात. पावसाळ्यात उघड्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, ते नवरात्रात खराट्याने काढायचं. दिवाळीआधी ताटवे बाहेर, रेषांच्या दिशेने हलका घासकागद, मग तेलाचा एक हात, जास्तीचं पुसून. एरवी काम एवढंच की पोफळीची विरी (झावळीचा रुंद देठ) किंवा ओला पाचोळा लाकडावर रात्रभर राहू द्यायचा नाही, डाग पडतो. पडलाच तर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य पाणी लावायचं, हातमोजे घालून, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. प्रेशर वॉशर मात्र सागावर मारू नये, मऊ रेषा खरवडून निघतात आणि लाकूड कंगव्यासारखं होतं.

पश्चिमेकडच्या ओळीचे ताटवे तेल लावूनही करडे पडलेत. वहिनीला ते खुपतं. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, मोडतात, दव-पाऊस ते धुऊन नेतो, करडेपणा तेवढाच. खाली मीटर टोचलं की आकडा चांगला येतो. मी ते तसेच ठेवणार आहे. फिरवून ठेवता येतात हा सुट्या ताटव्यांचा फायदा वहिनीने शोधून काढला आहे, त्यामुळे दरवर्षी एखादा करडा ताटवा मधे आलेला दिसतो.

माझ्या बहिणीला पुण्यात गच्चीवर असंच काही करायचं होतं. तिथे पाऊस आमच्या पंचमांश, खारा वारा नाही, ताटवे ठेवायला पडवीही नाही, आणि ती दोघंही नोकरीला. तिला मी डब्ल्यूपीसीच घे म्हटलं. फिकट रंगाची, वरून आवरण असलेली, टोकांना फट सोडून. आधार मात्र उंची कमी-जास्त करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पायांवर ठेव, गच्चीत एकही स्क्रू मारू देऊ नकोस. वॉटरप्रूफिंगला भोक पडलं तर खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या पावसात वर येतील. आणि पाणी जायच्या नळीवरचा तुकडा सुटा ठेव, पाचोळा काढायला हात जायला हवा.